दोघांनी रेल्वेने उभा व्हिएतनाम: हनोई ते सायगॉन, तुकड्यातुकड्याने

हनोई ते सायगॉन हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. मीटरगेज, जवळजवळ सगळा एकेरी, आणि देशाच्या आकारामुळे किनाऱ्याला लागून उभाच्या उभा गेलेला. १९३६ मध्ये तो पूर्ण झाला, युद्धात ठिकठिकाणी उखडला गेला आणि ३१ डिसेंबर १९७६ रोजी त्यावरून पुन्हा सलग गाडी धावली. आज न उतरता गेलं तर तीस ते पस्तीस तास लागतात. पाठीवर पिशवी घेऊन पहिल्यांदाच या देशात जाणाऱ्या जोडप्याने मात्र सलग जाऊ नये. मार्गाचे चार-पाच तुकडे पाडावेत: जिथे खिडकीबाहेर बघण्यासारखं आहे तिथे दिवसाची गाडी, बाकी अंतर रात्री झोपेत. हे तुकडे नीट पडले की हॉटेल, पैसे, विश्रांती हे सगळं त्याभोवती आपोआप बसतं.

आधी महिना ठरवा

दिवाळीच्या सुटीत जायचा बेत बहुतेक मराठी घरांत आधी सुचतो आणि नेमका तोच इथे अडचणीचा आहे. ह्वे, दा नांग, होई आन या मधल्या पट्ट्यात सप्टेंबर ते डिसेंबर पावसाळा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात, वादळं येतात, रूळ पाण्याखाली जातात आणि गाड्या रद्द होतात. एकेरी मार्ग असल्यामुळे एका ठिकाणी दरड आली की सगळी वाहतूक अडते. दिवाळीतच जायचं असेल तर मधला टप्पा विमानाने ओलांडायची तयारी आणि दोन मोकळे दिवस हाताशी ठेवा.

संपूर्ण मार्गासाठी फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य सगळ्यांत चांगला. तेव्हा हनोईत हवा गार असते, मध्यभागी कोरडी, सायगॉनला गरम पण पावसाविना. मे महिन्यात उकाडा भरपूर असतो, तरी मधल्या किनाऱ्यावर समुद्र शांत असतो. शाळेच्या सुटीमुळे मे हाच पर्याय असेल तर ३० एप्रिल आणि १ मे या दोन राष्ट्रीय सुट्ट्या सोडून पुढे निघा. चांद्र नववर्ष म्हणजे तेत टाळाच. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सगळा देश गावी जातो-येतो, बर्थ मिळत नाहीत आणि दुकानं बंद असतात.

व्हिसा आणि नावाची भानगड

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा आहे. एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर, आणि अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत. सरकारी साइट एकच आहे, तिच्या पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. सरकारी भासणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. कामाचे तीन दिवस लागतात असं लिहिलेलं असतं, तुम्ही दोन-तीन आठवडे हाती ठेवून अर्ज करा.

चुका होतात त्या नावात. पासपोर्टवर आपल्याकडे पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत असतं. अर्जात तेच, तसंच, पूर्ण लिहा. लग्नानंतर बायकोने पासपोर्ट बदलला नसेल तर विमान, व्हिसा, रेल्वे सगळीकडे माहेरचंच नाव चालू द्या. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं झालं की चेक-इनच्या खिडकीवर अडतं. प्रवेशाचं ठिकाण अर्जात निवडावं लागतं, ते विमानाच्या तिकिटाशी जुळवून घ्या.

विमान मुंबईहून हनोईला जाणारं आणि परत येताना सायगॉनहून, म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून, असं घ्या. दोन्हीकडे थेट विमानं आहेत. एकाच शहरातून जाऊन-येऊन तिकीट काढलं की शेवटी उलट प्रवासात एक दिवस आणि बरेच पैसे जातात.

तुकडे कसे पाडायचे

साधारण सोळा रात्री असतील तर हा क्रम बसतो: हनोईत तीन रात्री, निन्ह बिन्हला दोन, रात्रीच्या गाडीने ह्वे, तिथे दोन, दिवसाच्या गाडीने दा नांग आणि पुढे होई आनला मिळून चार, न्हा ट्रांगला दोन, शेवटी सायगॉनला दोन. दिवस कमी असतील तर न्हा ट्रांग काढा, निन्ह बिन्ह काढू नका.

हनोई ते निन्ह बिन्ह ११५ किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आसपास. हे अंतर बैठ्या डब्यात करावं. पहिल्याच दिवशी रात्रीच्या गाडीत चढण्यापेक्षा या छोट्या प्रवासात स्थानक, फलाट, डब्याचे आकडे यांची सवय होते. निन्ह बिन्हला तांम कोक आणि च्यांग आन इथे चुनखडीच्या डोंगरांतून होडीने फिरता येतं. हनोईहून दिवसभराच्या बसने येणारे लोक दुपारी गर्दी करतात, मुक्कामी असलात तर सकाळी सातला होडी मोकळी मिळते.

निन्ह बिन्ह ते ह्वे हे पावणेसहाशे किलोमीटर रात्री झोपून काढा. गुहा बघण्यात रस असेल तर वाटेत डाँग होईला उतरा. तिथून फाँग न्याची गुहा क्षेत्रं रस्त्याने तासाभरावर आहेत, मग ह्वेचा एक दिवस कमी करावा लागेल.

ह्वे ते दा नांग फक्त १०३ किलोमीटर, पण अडीच ते साडेतीन तास लागतात, आणि सगळ्या मार्गात हाच भाग दिवसाच करायचा. ह्वे सोडल्यावर भातशेती, मग लांग को इथलं खाजण, आणि तिथून गाडी हाय व्हान घाटात शिरते. इथे रूळ कड्याच्या पोटातून कोरून नेलेले आहेत. खाली लगेच समुद्र, वर जंगल, मधून मधून छोटे बोगदे. गाडी इतकी सावकाश चालते की वळणावर स्वतःच्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. कर्जतला घाट चढायला मागे जादा इंजिन (बँकर) लावतात तसं इथेही अनेक गाड्यांना जोडइंजिन लागतं. बसने गेलात तर बोगद्यातून जाल आणि यातलं काहीच दिसणार नाही. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. बुकिंगच्या नकाशावर डावीकडची जागा निवडा, न मिळाल्यास लांग को सुटल्यावर दरवाज्याजवळच्या मोकळ्या जागेत उभं राहा. मार्च २०२४ पासून ह्वे आणि दा नांग यांच्यात पर्यटकांसाठी वेगळी गाडीही धावते. ती मिळाली तर हनोईहून उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी लागत नाही.

होई आनला रेल्वे नाही. दा नांग स्थानकापासून सुमारे ३० किलोमीटर टॅक्सीने जायचं. तिथे असताना ‘मी सोन’ या मंदिरसमूहासाठी अर्धा दिवस जरूर ठेवा. चौथ्या ते तेराव्या शतकातली चाम राजांची ही शिवमंदिरं आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथल्या काही मंदिरांचं जतनकाम केलं आणि त्याच कामात २०२० मध्ये अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर विटा तापतात आणि सावली नसते.

दा नांग ते न्हा ट्रांग सव्वापाचशे किलोमीटर, नऊ-दहा तास. रात्रीची गाडी चालते, पण दिवसा गेलात तरी वाया जात नाही. न्हा ट्रांग ते सायगॉन ४११ किलोमीटर, सात ते नऊ तास. उत्तरेच्या डोंगरातल्या ‘सापा’ या गावाला जायचं असेल तर ती वेगळी शाखा आहे, हनोई ते लाओ काय रात्रीची गाडी आणि पुढे डोंगरातून बस. त्यासाठी तीन दिवस जास्तीचे लागतात.

तिकीट: काय घ्यायचं, कसं वाचायचं

इथे रेल्वे पास नाही आणि लांबचं तिकीट काढून मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही. प्रत्येक तुकड्याचं वेगळं तिकीट, ठरावीक गाडीचं, ठरावीक बर्थचं. विषम क्रमांकाच्या गाड्या (एसई १, एसई ३) हनोईहून दक्षिणेला जातात, सम क्रमांकाच्या उलट. क्रमांक बघितला की दिशा चुकत नाही.

रेल्वेची स्वतःची साइट आहे, पण तिथे परदेशी कार्ड बरेचदा स्वीकारलं जात नाही. तेव्हा बाओलाउ किंवा ट्वेल्व्हगो यांच्यासारख्या एजंटमार्फत काढायचं, थोडं कमिशन जातं. पैसे भरल्यावर लगेच निश्चिंत होऊ नका. काही एजंट तुमची मागणी नोंदवतात आणि खरं तिकीट नंतर काढतात. डबा आणि बर्थचा आकडा छापलेलं, क्यूआर कोड असलेलं ई-तिकीट हातात आलं म्हणजेच जागा पक्की. हनोईत पोचल्यावर स्थानकाच्या खिडकीवर पुढची सगळी तिकिटं एकदम काढता येतात. गर्दीचे दिवस नसतील तर हा मार्ग स्वस्त आणि सोपा. गाडी क्रमांक, तारीख आणि दोन्ही पासपोर्टचे नंबर एका कागदावर लिहून काचेआड दाखवायचे, बोलण्याची गरज पडत नाही.

मुख्य वर्ग चार: लाकडी बाक, गादीची खुर्ची, सहा बर्थची खोली, चार बर्थची खोली. सहा बर्थच्या खोलीत तीन मजले असतात आणि सगळ्यांत वरच्या बर्थवर उठून बसताही येत नाही, म्हणून तो सगळ्यांत स्वस्त. बर्थच्या प्रकारापुढे टी १ लिहिलं असेल तर खालचा, टी २ त्याच्या वरचा, टी ३ सगळ्यांत वरचा. तिकिटावर ‘तोआ’ म्हणजे डबा. तो आकडा डब्याच्या दाराजवळही लिहिलेला असतो.

दोघांसाठी चार बर्थच्या खोलीत समोरासमोरचे दोन्ही खालचे बर्थ घ्यायचा मोह होतो. आमचं मत उलट आहे: एकाच बाजूचा एक खालचा आणि एक वरचा घ्या. खालचा बर्थ दिवसा सगळ्यांचा बाक असतो, वरचे प्रवासी तिथे येऊन बसणारच. एक वरचा हाताशी असला की दमलेल्याला केव्हाही आडवं होता येतं आणि दुसरा खाली सामानापाशी असतो. शिवाय वरच्या बर्थवरूनच मार्गिकेच्या वरचा, छताशी असलेला सामानाचा खण हाताशी येतो. हनोई ते ह्वे चार बर्थच्या खोलीत माणशी साधारण ३ ते ४ हजार रुपये धरा. दोन जादा बर्थ घेऊन पूर्ण खोली अडवणारी जोडपीही असतात. एका रात्रीसाठी हे परवडत असेल तर गैर काही नाही, मात्र चारही तिकिटांवर पासपोर्टचा तपशील लागतो, म्हणून हे एजंटला आधी विचारूनच करा.

पैसे

१ रुपयाला साधारण ३०० डाँग (तिथलं चलन) धरा. किंमत ऐकली की शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा: ४०,००० डाँगची कॉफी म्हणजे १४० रुपयांच्या आसपास. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळ्या असतात, आणि अंधाऱ्या टॅक्सीत ही चूक पंचवीसपट महाग पडते. ५ लाखांच्या नोटा पाकिटात नकोच, वेगळ्या कप्प्यात ठेवा.

भारतातून १०० डॉलरच्या कोऱ्या, घडी किंवा शाईची खूण नसलेल्या नोटा न्या. मळकी नोट बदलणारा भाव पाडतो किंवा नाकारतो. एटीएममधून एका वेळी बहुतेक ठिकाणी २० ते ३० लाख डाँगच निघतात आणि प्रत्येक वेळी शुल्क लागतं. दोघांची कार्डं वेगवेगळ्या बँकांची असावीत आणि वेगवेगळ्या पिशव्यांत असावीत. एक पिशवी हरवली तरी दुसऱ्याकडे एक कार्ड, थोडे डॉलर आणि दोन्ही पासपोर्टच्या झेरॉक्स असल्याच पाहिजेत.

पिशवी

माणशी ७ ते ९ किलोच्या वर जाऊ नका. मधल्या स्थानकांवर फलाट बुटके असतात, डब्याच्या पायऱ्या उंच, आणि गाडी तीन-पाच मिनिटंच थांबते. चाकांची बॅग इथे ओझंच ठरते. कपडे चार दिवसांचे पुरतात, कारण सगळीकडे किलोवर धुलाई करणारी दुकानं आहेत आणि सकाळी दिलेले कपडे संध्याकाळी मिळतात.

हे मात्र न्या: एक पातळ सुती चादर, एक शाल, टॉयलेट पेपर, ओले टिश्यू, ओआरएसची पाकिटं, डास पळवायचं मलम, दोन कुलपं, आपल्याच गोल पिनांचं चार्जर (बहुतेक ठिकाणी थेट बसतं). चादर का, तर मधल्या स्थानकावर चढल्यास आधीच्या प्रवाशाची चादर बदललेली असेलच असं नाही. शाल, कारण वातानुकूलन रात्री चांगलंच थंड होतं आणि ते कमी करणं तुमच्या हातात नसतं.

शाकाहारी असाल तर

शाकाहारासाठी शब्द आहे ‘आन चाय’. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला मांसाहार टाळतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गावात ‘चाय’ पाटीची खानावळ असते आणि ती पक्की शाकाहारी असते. अशा ठिकाणी भात, टोफू, अळंब्या, पालेभाज्या असं ताट शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. साध्या हॉटेलात मात्र भाजी मागवली तरी त्यात माशांचा रस, न्युक माम, पडलेला असतो आणि सूप हाडांचं असतं. स्वयंपाक्याला त्यात मांस दिसत नाही, त्यामुळे तो खोटं बोलत नसतो. ‘मांस नको, मासे नको, न्युक माम नको, अंडं चालेल’ असं त्यांच्या भाषेत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. भाषा सुरांची आहे, आपला उच्चार बरेचदा कळत नाही.

गाडीत फिरणाऱ्या गाड्यावर भात आणि डुकराचं मांस, पेज, उकडलेली अंडी, मक्याची कणसं असतात. शाकाहाऱ्याला पोटभर काही मिळेल अशा भरवशावर राहू नका. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतो. घरून नेलेली तयार पोहे-उपम्याची पाकिटं आणि झाकणाचा स्टीलचा डबा असला की रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता सुटतो. त्यासोबत खाखरे, दाण्याची चटणी, स्थानकाबाहेर घेतलेली केळी. पिण्याचं पाणी बाटलीचंच, दोघांना रात्रीसाठी तीन लिटर.

गाडीच्या दिवशी

स्थानकावर पाऊण तास आधी पोचा. हनोईला मुख्य इमारत ले झुआन रस्त्यावर आहे आणि दक्षिणेच्या गाड्या तिथून सुटतात. मागच्या बाजूचं प्रवेशद्वार वेगळ्या रस्त्यावर आहे, टॅक्सीवाल्याने तिकडे सोडलं तर मोठा वळसा पडतो. एकाने सामानापाशी बसायचं, दुसऱ्याने फलक बघून यायचा. दोघांनी एकदम पिशव्या घेऊन धावपळ करण्यात अर्थ नाही. फाटकावर क्यूआर कोड आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, फोनची बॅटरी संपायला नको म्हणून दोघांच्याही फोनमध्ये तिकिटाचं चित्र ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधीच ठरवा: आपल्या डब्याच्या दाराशी.

खोलीत शिरल्यावर मोठ्या पिशव्या खालच्या बर्थखाली ढकला. पासपोर्ट, पैसे, फोन उशीखाली नाही, अंगावरच्या पट्ट्याच्या पिशवीत. खोलीच्या दाराला आतून कडी असते. स्वच्छतागृह रात्री दहापर्यंत ठीक असतं, पहाटे कागद संपलेला आणि फरशी ओली असते. दात घासायचं काम लवकर उरका. घोषणा बहुतेक व्हिएतनामीत होतात, म्हणून ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि उतरायच्या स्थानकाआधी वीस मिनिटं पिशव्या दारापाशी आणा. पहाटे उतरणार असाल तर डब्यातल्या परिचराला स्थानकाचं नाव लिहून दाखवा, ते उठवतात. भरवसा मात्र स्वतःच्या गजरावर ठेवा, आणि फोनचं घड्याळ व्हिएतनामच्या वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास पुढे, आहे ना हे बघा.

सकाळी सहाला पोचलात तर हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. पिशव्या ठेवून घेतात. आदल्या दिवशी निरोप पाठवून लवकर खोली मिळेल का हे विचारा, अर्ध्या दिवसाचे पैसे देऊनही ती घ्यावी. रात्रभर प्रवास केलेल्या दोन माणसांनी उन्हात किल्ले बघत फिरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पासपोर्ट हॉटेलवाले नोंदणीसाठी घेतात, संध्याकाळपर्यंत परत मागून घ्या.

स्थानकाबाहेर हात धरणाऱ्या टॅक्सीवाल्यांना टाळा आणि ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा, रोख पैसे चालतात. सामानासह दोघांसाठी मोटार निवडा, ग्रॅबच्या दुचाकीवर एकच प्रवासी बसतो. होई आनला स्कूटर भाड्याने सहज देतात, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्तेवाहतूक करारातला असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तिथे सायकली घ्या, गाव सपाट आहे. अडचणीत पोलिसांसाठी ११३, रुग्णवाहिकेसाठी ११५.

शेवटचा टप्पा

सायगॉनचं स्थानक पूर्वीच्या तिसऱ्या जिल्ह्यात आहे, पर्यटक राहतात त्या पूर्वीच्या पहिल्या जिल्ह्यात नाही (हे जिल्हे २०२५ मध्ये कागदोपत्री रद्द झाले). मोटारीने पंधरा-वीस मिनिटं, सकाळच्या गर्दीत त्याहून जास्त. तान सोन न्हात विमानतळ स्थानकापासून सुमारे पाच किलोमीटरवर असल्यामुळे गाडीतून उतरून थेट विमान पकडावं असं वाटतं. तसं करू नका. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबावं लागतं आणि एक-दोन तासांचा उशीर नवलाचा नाही. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण रात्र सायगॉनला ठेवा, आणि उरलेले डाँग विमानतळावर नव्हे, आदल्या दिवशी शहरातल्या बँकेत बदलून घ्या.